कोरड्या आभाळाचा पूर

आमच्या लातूर-नांदेडकडच्या माणसाला पाण्याबद्दल काही शिकवायला जाऊ नये. तो ऐकून घेत नाही. टँकर कुठल्या गल्लीतून वळतो, नळ आला की पहिली घागर कुणाची, कुठल्या बोअरची मोटार कधी हवा ओढते, हे त्याला तोंडपाठ असतं. पण ही सगळी माहिती न येणाऱ्या पाण्याची. येणाऱ्या पाण्याशी त्याची ओळख पावसाळ्यापुरती. आभाळ भरून आलं तर नदीला पाणी, नाहीतर नाही. याच्यापलीकडे तिसरी काही गोष्ट जगात असेल असं त्याला वाटत नाही, आणि अकरमला तर मुळीच वाटत नव्हतं.

अकरमचं नांदेडला देगलूर नाक्याकडे औषधांचं दुकान. चाळिशीला टेकलेला, अंगानं भरलेला, बोलायला ठाम. गल्लीत कुणाचं डोकं दुखो की पोट, डॉक्टरच्या आधी माणूस अकरमच्या काउंटरवर. तो डोळ्यांत बॅटरी मारणार, 'काही न्हाई, ही एक आता घ्या, एक जेवल्यावर' म्हणणार, आणि बहुतेक माणसं बरी होणार. ती तशीही झाली असती, पण हे अकरमला कोण सांगणार? 'मी हाय ना' हे त्याचं आवडतं वाक्य. दिवसातून कितीदा म्हणायचा, त्याचं त्यालाच ठाऊक नसेल.

त्याची धाकटी बहीण अर्शी लातूरला एका शाळेत खेळाची शिक्षिका. तिनं मागच्या वर्षी हिमाचलात जाऊन गिर्यारोहणाचा कोर्स केला होता. घरात त्यावरून बरंच वाजलं, पण पोरगी धडधाकट परत आली आणि वर प्रमाणपत्र घेऊन आली, तेव्हा ते वाजणं थांबलं. या जुलैत तिनं पुन्हा विषय काढला. मनालीच्या पलीकडे, लाहौलात, रस्त्यापासून एक दिवस चाललं की हिमनदीच्या तोंडाशी पोचता येतं. एक रात्र तंबूत काढायची, दुसऱ्या दिवशी समोरच्या खडकाळ धारेवर हातापायांनी चढून जायचं, हिमनदी बघायची आणि खाली यायचं. वडील, जहांगीरभाई, म्हणाले, 'भाई साथ में जाता तो जाव.' भाई लगेच तयार झाला. त्यानं रेणापूरच्या वैजनाथलाही ओढलं. दोघं औषधशास्त्राच्या कॉलेजात एका बाकावर बसलेले. पुढं वैजनाथ शेतीत गेला. सोयाबीनची पेरणी आटोपली होती, म्हणून तो थंड हवा खायला आला.

म्हणजे मोहिमेत डोंगर शिकलेली एकच होती, आणि तिचं ऐकायची सवय कुणालाच नव्हती.

पहिला दिवस छान गेला. पाठीवर ओझी, पायात नवे बूट, आणि वैजनाथच्या तोंडाचा पट्टा. अकरमच्या पाठीवर औषधांची पेटी होती. अर्शी म्हणाली, 'ती माझ्याकडं द्या', तर तो म्हणाला, 'औषधाचं मी बघतो, तू वाट बघ.' दुपारी वाटेत गद्दी मेंढपाळांचा तळ लागला. दगडांचा आडोसा, वर ताडपत्री, शेकडो मेंढ्या, आणि वासरांएवढाली कुत्री. तिथं चहा मिळाला. तिथून चढत चढत ते संध्याकाळी हिरवळीच्या एका सपाट तुकड्यावर आले. शेजारून ओढा वाहत होता. ओढ्यापलीकडे दगडांचा ढीगच्या ढीग, त्याच्यावर ती काळी धार, आणि घळीत हिमनदी. नदी म्हणायला. दिसायला मातीनं मळलेला, भेगाळलेला बर्फाचा डोंगर, जागच्या जागी बसलेला. वैजनाथनं कपाळाला हात लावला. 'आपल्याकडं नळाला पाणी न्हाई आन् हितं नुसतं साचून पडलंय,' तो म्हणाला.

सकाळी अर्शीचं डोकं ठणकत होतं. रात्री एकदा उलटी झाली होती. तिनं बाहेर येऊन दगडावर बसत सांगितलं, 'भाई, ही उंची लागलीय. कमी न्हाई झालं तर खाली उतरावं लागतं. दुसरा इलाज नसतो.'

'काही न्हाई. पित्त हाय,' अकरम म्हणाला. 'ही एक घे आणि पड. आम्ही वर जाऊन फोटो काढून येतो. एवढं आलो तर तोंड बघून तरी येऊ दे.'

अर्शीनं गोळी हातात घेतली. 'मग ऊन बर्फावर चढायच्या आत या. दुपारनंतर ओढ्याला पाणी वाढतं.'

अकरमनं वर बघितलं. निळंशार आभाळ, कापसाच्या बोळ्याएवढाही ढग नाही. 'आभाळात टिपूस न्हाई आणि पाणी कुठून वाढंल?' तो हसला. वैजनाथही हसला. 'आमच्या मांजरा नदीला पाऊस पडला तरी पाणी येत न्हाई, अर्शी.'

'बर्फ वितळतो ना, वैजनाथभाऊ.'

'हाव, हाव,' अकरम बूट बांधत म्हणाला. दुकानात गिऱ्हाईक स्वतःच्या दुखण्याबद्दल जास्त बोलायला लागलं की तो असाच म्हणायचा. वैजनाथ म्हणाला, 'पेटी तरी हितंच ठेव.' तर त्यावर उत्तर, 'आणि वर आपल्याला काही झालं म्हंजे?' अर्शीनं भावाकडे एकदा नीट बघितलं. 'जा तुम्ही,' ती म्हणाली, आणि तंबूत गेली.

ओढा घोट्याएवढा होता. पाच-सहा मोठे दगड पाण्याबाहेर होते, त्यांच्यावर पाय देत दोघं पलीकडे गेले, बुटाचा तळवासुद्धा नीट भिजला नाही. पुढची चढण मात्र जीवघेणी. दगड टेबलाएवढे, आणि पाय ठेवला की डुगडुगणारे. हातांनी धरायचं, गुडघा टेकायचा, ढुंगण सरकवायचं, पुन्हा उभं राहायचं. वैजनाथ दर दगडाला एक शिवी देत होता. धापा टाकत ते धारेवर पोचले. खाली हिमनदी पसरली होती. भेगांच्या आत निळा रंग होता, आणि आतून मधूनच काहीतरी फुटल्याचा आवाज येत होता.

दोघांनी फोटो काढले, व्हिडिओ काढले. गुणाबाईंनी, म्हणजे वैजनाथच्या आईनं, दिलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. खाऊन झालं आणि ऊन अंगावर आलं. आता बघा, आमच्याकडचा माणूस जन्मभर उन्हापासून पळतो. पण रात्रभर थंडीनं दात वाजलेले, वर पोटात दशमी, आणि असं कोवळं, गोड ऊन! दोघं खडकाला टेकले आणि बसल्या जागी घोरायला लागले.

जाग आली तेव्हा सूर्य डोक्यावरून कलला होता. 'उशीर झाला का बे?' वैजनाथ म्हणाला. 'कशाचा उशीर? खालीच तर जायचंय,' अकरम म्हणाला. पण उतरताना डोंगर सकाळचा राहिला नव्हता. सकाळी गोठून घट्ट बसलेले दगड आता सुटले होते. एक तर अकरमच्या कानाजवळून गेला आणि खाली जाऊन फुटला. दोघं जपून, बसून बसून उतरले. मध्येच अकरमला गडगडाट ऐकू आला. त्यानं वर बघितलं. आभाळ सकाळसारखंच स्वच्छ होतं.

मग ते शेवटच्या ढिगावरून खाली आले आणि जागच्या जागी उभे राहिले.

समोर ओढा नव्हता. भिंतीला मारायच्या सिमेंटच्या पाण्यासारखं करडं, घट्ट पाणी दोन्ही काठ घेऊन धावत होतं. सकाळचा एकही दगड दिसत नव्हता. अकरमला आधी वाटलं, आपण वाट चुकलो, ही दुसरीच जागा आहे. पण पलीकडे नारिंगी तंबू होता. त्यांचाच. दगड फेकला तर लागेल एवढ्या अंतरावर.

'वर धरण हाय का कुठं?' वैजनाथ ओरडला. जवळ उभं राहून ओरडावं लागत होतं. 'कुणी दारं उघडली काय?'

अकरमच्या मनात नेमकं तेच आलं होतं. नांदेडला गोदावरीवरच्या बंधाऱ्याची दारं उघडली की आधी भोंगा वाजतो, पोलीस गाडी फिरते. इथं कुणी काही वाजवलं नव्हतं. नुसतं ऊन पडलं होतं, ज्या उन्हात ते झोपले होते तेच. बहिणीचं सकाळचं बोलणं त्याला शब्दन् शब्द आठवलं. ती पलीकडे होती, आजारी. औषधं त्याच्या पाठीवर होती.

'मी जातो,' तो म्हणाला, आणि वैजनाथ काही बोलायच्या आत त्यानं काठी टेकवत पाण्यात पाय टाकला. पहिल्या पावलाला गुडघा, दुसऱ्याला मांडी. थंडी एवढी, की पाय भाजल्यासारखा वाटला. पाण्याच्या आत काहीतरी धडधड आपटत जात होतं, मघाचा गडगडाट तोच होता. तळाचे धोंडे गडगडत चालले होते. त्यातला एक नडगीवर बसला आणि अकरम आडवा झाला. वैजनाथनं त्याच्या पाठीवरच्या सॅकचा पट्टा दोन्ही हातांनी धरला, टाच दगडात रुतवली, आणि खच्चून ओढलं. दोघं काठावर येऊन पडले. अकरमची हातातली काठी केव्हाच दिसेनाशी झाली होती.

'मरशील बे!' वैजनाथ ओरडला. 'तू मेला तर तिला कोण औषध देणार?'

वरून बर्फावरून वळसा घालावा, असाही विषय अकरमनं काढला. दोघं थोडे वर गेलेही. पण हिमनदीच्या तोंडाशी डोळ्यांदेखत घराएवढा तुकडा ढासळला आणि दोर नसताना बर्फावर पाय ठेवायचा नाही हे अर्शीनं आदल्या दिवशीच बजावलं होतं. ही एक गोष्ट त्यानं ऐकली. मुकाट्यानं माघारी आले.

मग अकरम ओरडायला लागला. 'अर्शी! अर्शी!' तंबूचा पडदा हलला.

'बघ! हात केला तिनं!'

'वारं हाय गड्या,' वैजनाथ म्हणाला.

'न्हाई, हात केला. अर्शी! पडून राहा! पाणी पी! सकाळची गोळी घे, पांढरी!' घशाच्या शिरा ताणून तो पाण्यापलीकडे औषधाचे डोस सांगत होता. गोळ्यांची पट्टी हातात उंच धरून हलवत होता. पडदा हलला की त्याला हायसं वाटे. ती ऐकतेय, ती जागी आहे. त्यानं सांगितलं की तो येतोय, घाबरायचं नाही, मी हाय ना. सांगून सांगून आवाज बसला.

सूर्य डोंगराआड गेला. वारा पडला आणि पडदा हलायचा थांबला.

अकरम त्या पडद्याकडे बघत राहिला. मेली, असं त्याला वाटलं. एवढं स्पष्ट वाटलं की कुणीतरी येऊन सांगितल्यासारखं. अब्बांना काय सांगू, हे त्याच्या मनात आलं, आणि बहिणीच्या आधी आपल्याला अब्बा आठवले याची त्याला लाज वाटली.

ती रात्र त्यांनी एका धोंड्याच्या आडोशाला काढली. होते नव्हते ते सगळे कपडे घातले, ओल्या पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या, एकमेकांना चिकटून बसले. अकरमनं पेटी मांडीवर घेतली होती. तापाची, पित्ताची, जुलाबाची, उंची लागल्यावर द्यायचीसुद्धा, सगळी औषधं त्यात होती. वैजनाथ तळहात चोळत बसला होता. एकदाच म्हणाला, 'सकाळी ती सांगून राहिली होती. आपण दोघंबी हसलो.' अकरम रडायला लागला. मित्रासमोर तो पहिल्यांदाच रडत होता आणि त्याला त्याचं काही वाटलं नाही.

उजाडता उजाडता आवाज कमी झाला. बघता बघता दगड वर आले, एक एक करून, सगळे. त्यांच्यावर बर्फाचा पातळ थर होता. ओढा पुन्हा घोट्याएवढा, साळसूद, जसं काही घडलंच नव्हतं. अकरम त्या निसरड्या दगडांवरून हातापायांवर रांगत पलीकडे गेला आणि तंबूकडे धावला. पडदा बाजूला केला.

तंबू रिकामा होता.

झोपायच्या दोन पिशव्या नीट अंथरलेल्या, त्या दोघांच्या. मध्ये पाण्याची बाटली, आणि बिस्किटं. अर्शी नव्हती. तिची पिशवी नव्हती, बूट नव्हते. अकरम बाहेर आला, पुन्हा आत गेला, पुन्हा बाहेर आला. आणि मग तो ओढ्याकडे बघायला लागला. उंची लागलेल्या माणसाला भ्रम होतो, तो कुठंही चालत सुटतो, हे त्यानं कॉलेजात वाचलं होतं. ती आपल्याला शोधत पाण्यात उतरली, असं त्यानं स्वतःशीच ठरवूनही टाकलं. तो काठानं खाली धावत सुटला, प्रत्येक खळग्यात, प्रत्येक धोंड्यामागे बघत. करड्या पाण्यात अर्शीचं लाल जॅकेट दिसेल या भीतीनं त्याचे डोळे मिटायचे आणि तो ते जबरदस्तीनं उघडायचा.

'अकरम!' वैजनाथ मागून ओरडला. 'तिनं सॅक नेलीय! मरायला जाणारं माणूस सॅक भरून नेत न्हाई! पायवाटंनं चल!'

ते पायवाटेनं धावले. पडले, उठले, धावले. गद्दींच्या तळावरची कुत्री आधी अंगावर आली, मग म्हाताऱ्या मेंढपाळानं शीळ घातली आणि ती थांबली. दगडाच्या आडोशाला चूल पेटली होती. तिच्याशेजारी जाड लोकरी घोंगडं पांघरून अर्शी बसली होती, आणि मक्याची रोटी खात होती. चेहरा उतरलेला होता, पण डोळे स्वच्छ होते.

अकरम तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला. तिचे खांदे धरले, गाल धरले, कपाळ चाचपलं. आवाज घोगरा, फाटलेला. 'मी काल सांजच्यापर्यंत ओरडत होतो. तू पडदा हलवलास ना? तू मला हात केलास ना?'

अर्शीला कळेना. 'कोण मी? मी न्हवतेच की तिथं.'

'मग कवा निघालीस तू?'

'सकाळीच. तुम्ही दोघं पाणी ओलांडून वर लागलात, तवा मी बूट घातले. दुखणं वाढत चाललं होतं. उतरले. सॅक न्हाई म्हंजे उतरले, हे तुम्हाला कळंल वाटलं. हितं पोचले तवा अर्धं कमी झालं होतं. झोपून उठले तर सगळंच गेलं.' तिनं मेंढपाळाकडे बोट केलं. 'ह्यांचा माणूस सांजंला वर चढून लांबच्या टेकाडावरून बघून आला. म्हणाला, दोघं पलीकडं अडकलेत, पण धड हायत, पाणी उतरलं की येतील. एकजण रिकाम्या तंबूला लई ओरडून राहिलाय म्हणाला.'

वैजनाथनं मान फिरवली आणि मेंढ्यांकडे बघायला लागला.

'पण मी येणार होतो ना,' अकरम म्हणाला. 'औषध घेऊन येणार होतो. तू वाट तरी बघायचीस.'

'मला वाटलंच न्हाई भाई, तुम्ही याल.'

ती रागानं बोलली असती तर अकरमनं काहीतरी उत्तर दिलं असतं. मोठा होता तो, त्याच्याकडे उत्तरं पुष्कळ होती. पण 'आज लाईट नाही' असं सांगावं तितक्या साध्या आवाजात तिनं ते सांगितलं होतं. पाण्यानं त्याला एवढं हादरवलं नव्हतं. रात्रभर तो एका अशा पोरीसाठी मेला होता, जी त्याची वाट बघत पडली आहे, त्याच्या गोळीसाठी डोळे लावून आहे. ती पोरगी तिथं नव्हतीच. तशी पोरगी कुठंच नव्हती.

'असं कवापासून?' त्यानं विचारलं. न विचारता राहवेना.

अर्शीनं रोटीचा तुकडा मोडून त्याच्या हातावर ठेवला. 'खा. अजून उतरायचंय.' मग थोडा विचार करून म्हणाली, 'दहावीचा पहिला पेपर होता ना माझा. तुम्ही म्हणले होते, मी हाय ना, गाडीवर सोडतो. मी पॅड घेऊन दारात उभी होते. लई वेळ. मग पळत गेले. पोचले तवा पेपर वाटून झाले होते.' ती हसली, अगदी मनापासून. 'राग न्हाई भाई. तवापासून मी आधीच निघते, एवढंच.'

अकरम रोटीचा तुकडा हातात धरून बसला. दहावीचा पेपर, पॅड, दार, गाडी. तो एकेक गोष्ट आठवून बघत होता. त्या दिवशी दुकानात गर्दी होती का, की तो झोपला होता, की आणखी कुठं गेला होता? मेंढपाळानं त्याच्यासमोर चहा आणून ठेवला, तो निवून गेला. त्याला काही केल्या तो दिवस आठवेना.